इयरफोन बदलण्याआधी टिप्स बदलून बघा (इन-इयरवाल्यांसाठी धागा)

मंद्रसप्तक
इथे सारखं कोणी ना कोणी विचारतं की अमुक बजेटमध्ये चांगला इन-इयर कुठला, सगळे मिळून सुचवतात, आणि चार दिवसांनी तोच माणूस परत येऊन सांगतो की घेतला पण बेसच नाही, आवाज किनरा लागतोय, एका बाजूला कमी ऐकू येतंय, रिटर्न करू का. अशा वेळी माझा पहिला प्रश्न एकच असतो, टोकाचा रबर म्हणजे टिप बदलून बघितली का? उत्तर बहुतेक वेळा नाही असतं. कंपनीने जो मधला साइज लावून पाठवलाय तोच लोक शेवटपर्यंत वापरतात आणि पाकिटातले बाकीचे साइज बॉक्ससकट माळ्यावर जातात. म्हणून हा धागा काढतोय, सगळ्यांनी आपापला अनुभव लिहा.

थोडं कारण सांगतो. इन-इयर कानात नीट बसला की इयरफोन आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये थोडीशी हवा कोंडली जाते, यालाच सील म्हणतात. ड्रायव्हर, म्हणजे इयरफोनमधला आवाज काढणारा भाग, हलतो तेव्हा त्या कोंडलेल्या हवेवर दाब पडतो आणि खालचे सूर त्या दाबावरच चालतात. कडेने बारीकशी फट राहिली तरी दाब तिथून निसटतो आणि सगळ्यात आधी जातो तो बेस. फट छोटी असेल तर अगदी खालचा पट्टा जातो, मोठी असेल तर २००-३०० हर्ट्झपर्यंतचं सगळंच पातळ होतं. मधले आणि वरचे सूर जवळपास जागच्या जागी राहतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की ट्रेबल फार आहे. ट्रेबल आहे तेवढाच आहे, खालचा आधार गेलाय. मग लोक इक्वलायझरमध्ये बेस चढवतात, तो पण त्याच फटीतून जातो.

तपासायची माझी पद्धत सांगतो. पुरुष गायकाच्या काळी एकच्या तानपुऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावा. जोडीच्या तारा साधारण १३८ हर्ट्झला असतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. खर्ज छेडल्यावर नुसती झंकाराची चमक ऐकू येत असेल आणि खालचं भरलेपण नसेल तर सील नाही. त्याहून सोपं म्हणजे तबला. डग्ग्यावर मनगट सरकवून मींड काढतात ना, तिथे लक्ष द्या. सील असेल तर घुमक वर चढताना स्पष्ट कळते, नसेल तर नुसती थाप ऐकू येते. आणि गाणं चालू असतानाच इयरफोन बोटाने हलकेच आत दाबा, दाबल्यावर बेस एकदम वाढला तर समजा की आत्तापर्यंत फट होती.

कसारा_लोकल
मस्त धागा. माझा प्रश्न, दोन्ही कानांना वेगवेगळा साइज लागू शकतो का? उजवा छान बसतो पण डावा दर स्टेशनला ढिला होतो, विशेषतः कोणाशी बोललो किंवा काही खाल्लं तर. आणि गाडीच्या आवाजामुळे व्हॉल्यूम वाढवत वाढवत शेवटपर्यंत जातो, घरी पोचेपर्यंत कान ठणकतात.

मंद्रसप्तक
@कसारा_लोकल शंभर टक्के लागू शकतो. डाव्याला एल आणि उजव्याला एम लावून खुशाल फिरा. रबराच्या आतल्या नळीचा रंग साइजप्रमाणे वेगळा असतो कधीकधी, त्यामुळे दोन बाजूंना दोन रंग दिसतील, बाकी काही नाही.

कानाची_ओपीडी
ईएनटी आहे, म्हणून थोडं लिहिते. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण २५ मिलिमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, वळण घेत जाते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा म्हणजे लवचिक, आतला दोन तृतीयांश हाडाचा. हाडावरची कातडी फार पातळ आणि नाजूक असते, म्हणून कडक टिप खोलवर गेली की दुखतं. जबड्याचा सांधा नळीच्या अगदी पुढ्यात आहे, त्यामुळे बोलताना, चावताना, जांभई देताना कूर्चेच्या भागाचा आकार बदलतो. @कसारा_लोकल तुमचा डावा खाताना सुटतो त्याचं कारण हे. साइज ठरवताना तोंड उघडून, मिटून, मान दोन्हीकडे वळवून बघा, नुसतं स्वस्थ बसून ठरवू नका.

घालायची पण रीत आहे. दुसऱ्या बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, त्याने नळी सरळ होते, मग इयरफोन जरा फिरवत आत सरकवा आणि कान सोडा. काढताना सरळ खेचू नका, आधी थोडं फिरवून हवा आत येऊ द्या, मग काढा. दडे बसल्यासारखं होतं किंवा पडदा ओढल्यासारखं वाटतं ते त्या खेचण्याने होतं. काही जणांना कानात काही घातलं की खोकला येतो, घाबरू नका, व्हेगस नर्व्हची एक फांदी तिथे येते त्यामुळे होतं.

व्हॉल्यूमचं मात्र गंभीरपणे घ्या. डब्ल्यूएचओच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४ तास. गाडीच्या आवाजावर मात करायला तुम्ही दहा डेसिबल चढवलेत की मुभा एक दशांश झाली. टिप नीट बसली तर बाहेरचाच आवाज कमी होतो आणि चढवायची गरज पडत नाही. कान ठणकत असतील तर ती सूचना आहे, दुर्लक्ष करू नका. कानात शिट्टी वाजल्यासारखं राहत असेल तर तपासून घ्या.

बंड्या_सॅन_होजे
सील झालं की बेस येतो हे मान्य, त्यात वाद नाही. पण त्यापुढे जे चालतं, की या टिप्सने साउंडस्टेज (वाद्यं आजूबाजूला पसरून वाजतायत असा भास) रुंद होतो, त्या टिप्सने व्होकल पुढे येतात, हजार-दीड हजार रुपये एका जोडीला, ते मला पटत नाही. मी ७११ कपलरवर (कानाच्या नळीची नक्कल करणारं मोजमापाचं यंत्र) मोजलेले ग्राफ बघितलेत, तीच खोली ठेवली तर बहुतेक सिलिकॉन टिप्समध्ये वरच्या पट्ट्यात एक-दोन डेसिबल इकडेतिकडे, खाली काहीच फरक नाही. सिलिकॉनच्या तुकड्यात एवढी जादू कुठून येणार?

मंद्रसप्तक
बंड्याभाऊ, तुमच्या वाक्यातच उत्तर आहे, "तीच खोली ठेवली तर". कपलरमध्ये खोली मुद्दाम सारखी ठेवतात, नाहीतर ग्राफची तुलनाच होणार नाही. कानात ती सारखी राहत नाही. एक टिप लांब देठाची, दुसरी आखूड आणि रुंद, तिसरी कडक, त्यामुळे नॉझल (टिप जिच्यावर चढते ती इयरफोनची नळी) पडद्यापासून वेगवेगळ्या अंतरावर थांबतो आणि खरा फरक तिथे पडतो.

उघड्या कानाची नैसर्गिक रेझोनन्स, म्हणजे नळी ज्या सुराला आपोआप घुमते ती, ३ किलोहर्ट्झच्या जवळपास असते, कारण नळी एका बाजूने उघडी. इयरफोन लावला की दोन्ही बाजू बंद झाल्या, मग हिशेब बदलतो आणि उरलेल्या नळीच्या लांबीप्रमाणे वर एक नवा उंचवटा येतो. साधारण २१ मिलिमीटर उरली तर ८ किलोहर्ट्झला, १७ उरली तर १० च्या आसपास, १४ उरली तर १२ च्या. बासरी आखूड केली की सूर चढतो तसंच. आता ८ किलोहर्ट्झचा उंचवटा सरकून ६-७ वर आला की स, श, च टोचायला लागतात, झांज कर्कश वाटते. तोच वर गेला की वाद्यांना हवा मिळते आणि टोचत नाही. लोक ज्याला साउंडस्टेज म्हणतात त्यातलं बरंचसं हेच असावं असं मला वाटतं. तुम्ही ७११ म्हणताय त्याच्या ग्राफमध्ये ८ किलोहर्ट्झला जवळजवळ सगळ्यांना टोक दिसतं ते याच कारणाने, ते त्या खोलीचं टोक आहे, तुमच्या कानात ते तिथेच असेल असं नाही.

हे स्वतः तपासता येतं. फोनवर टोन जनरेटर घ्या, आवाज अगदी कमी ठेवा आणि ५ ते १२ किलोहर्ट्झ हळूहळू फिरवा. एका ठिकाणी टोन एकदम कानात घुसतो, तो आकडा लिहून ठेवा. टिप बदला, परत फिरवा. आकडा हललेला दिसेल. यात जाहिरात नाही की मनाचे खेळ नाहीत.

बंड्या_सॅन_होजे
खोलीचा मुद्दा पटला. स्वीप करून बघतो. पण मग महागडी टिप घेण्यापेक्षा लांब देठाची स्वस्त टिप घेतली तरी तेच होईल ना?

मंद्रसप्तक
बऱ्याचदा हो. मी स्वस्त-महाग म्हणतच नाहीये, मापं बघून घ्या म्हणतोय.

सोलापुरी_चादर
मापांचं निघालंच आहे तर नॉझलबद्दल लिहितो, कारण ऑनलाइन टिप्स मागवताना लोक फक्त एस-एम-एल बघतात. तो रबराचा बाहेरचा घेर झाला. आतल्या नळीचा व्यास वेगळा बघायचा. शुअर एसई २१५ किंवा एटिमॉटिकचे नॉझल एकदम बारीक, ३ मिलिमीटरच्या घरातले, त्यांना त्यांचेच टिप्स लागतात. उलट ट्रूथइअर झीरोसारख्यांचे जाडजूड, ६ च्या वर, तिथे घट्ट टिप चढवताना नाकी नऊ येतात. बारीक नॉझलवर सैल टिप लावली की काढताना टिप कानात राहते आणि इयरफोन हातात येतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा व्हर्नियर (मापाची पट्टी) घ्या आणि नॉझलचं टोकाचं माप घ्या, टोकाला जी कडा असते ती धरून. कडेच्या मागच्या खाचेचं माप घेतलं तर टिप चढणार नाही.

आता ब्लॉन बीएल-०३ या इयरफोनची गोष्ट. २०१९ मध्ये आला तेव्हा त्याच्या किमतीत तसा आवाज कोणी देत नव्हतं, पण नॉझल आखूड, त्यामुळे बऱ्याच जणांच्या कानात तो टेकायचा, आत बसायचाच नाही. यावर लोकांनी काढलेला उपाय आजही आखूड नॉझलच्या कुठल्याही इयरफोनला चालतो. जुना खराब झालेला सिलिकॉन टिप घ्या, बाहेरची छत्री कात्रीने कापून टाका, आतली नळी उरते तिची दोन-तीन मिलिमीटरची चकती कापा. ती नॉझलवर पार बुडापर्यंत सरकवा, मग वरून नेहमीची टिप लावा. चकतीमुळे टिप तेवढी पुढे राहते आणि कानात खोल जाते. फक्त एक बघायचं, वरची टिप नॉझलच्या कडेला अडकलीच पाहिजे. चकती जाड कापली तर टिप कडेपर्यंत पोचत नाही आणि निसटते.

इवलेकान
माझी व्यथा उलटी आहे. मला एस पण मोठा होतो. अर्धा तास झाला की कान दुखतो, म्हणून मी इन-इयर सोडूनच दिले होते. दुकानात विचारलं तर म्हणाले, ताई सवय होईल. बहिणीचं पण तेच. एस पेक्षा लहान मिळतात का? आणि फोम बरा की सिलिकॉन?

कानाची_ओपीडी
@इवलेकान दुखणं ही सवय होण्याची गोष्ट नाही, दुखतंय तो साइज लावू नका. बायकांच्या नळ्या सरासरीने अरुंदच असतात, आणि बॉक्समध्ये तीन साइज देतात त्यातला एस सगळ्यांना पुरत नाही.

मंद्रसप्तक
@इवलेकान मिळतात. फायनल कंपनीच्या टाइप ई मध्ये एसएस पासून एलएल पर्यंत पाच साइज आहेत, माझ्या मते सुरुवात करायला हीच टिप चांगली, देठ मऊ आहे आणि छत्री पातळ. स्पिनफिटमध्ये टिपची मान वळते, नळी ज्या कोनात असेल तिकडे ती वाकते, त्यामुळे एका बाजूला दाब येत नाही. अझलाच्या सेडना इयरफिटला छत्री मोठी आणि जरा ताठ, पकड जबरदस्त पण तुम्हाला कदाचित टोचेल. जेव्हीसीच्या स्पायरल डॉटला आतल्या भिंतीवर बारीक खळगे असतात आणि भोक रुंद.

भोकाचं पण सांगून टाकतो. रुंद भोक असेल तर वरचे सूर मोकळे येतात, अरुंद असेल तर ते जरा दबतात आणि खालचा भाग त्या मानाने भरीव वाटतो. भडक ट्रेबलच्या इयरफोनला अरुंद, मंद वाटणाऱ्याला रुंद, असं करून बघायचं. हा नियम नाही, खोली बदलली की सगळं उलटंपालटं होऊ शकतं, पण सुरुवात म्हणून ठीक.

फोमबद्दल. फोम बोटांनी चोळून बारीक करायचा, आत घालायचा आणि पंधरा-वीस सेकंद धरून ठेवायचा, तो फुगून नळीच्या आकाराचा होतो. बाहेरचा आवाज खूप अडतो, सील सहसा चुकत नाही, पण ट्रेबल थोडा शोषला जातो. टोचणाऱ्या इयरफोनला तेच औषध. तोटा म्हणजे टिकत नाही, घाम आणि मळ शोषून काही महिन्यांत फुगणं मंदावतं, मग फेकायचाच. अरुंद कानाला फोम सोयीचा पडतो असा माझा अनुभव आहे, पण लहान साइजचाच घ्या, एम दाबून घातला तर तो आत फुगत राहतो आणि दुखवतो.

डग्गातिरकीट
मी ऑर्केस्ट्रात साथ करतो, स्टेजवर इन-इयर मॉनिटर असतात. आमच्याकडे सील सुटलं तर किती घोळ होतो ते बाहेरच्यांना कळत नाही. एका कानातून बेस गेला की वाटतं ढोलकीचा चॅनल कमी झालाय, साउंडवाल्याला खूण करायची, तो वाढवतो, मग घाम पुसताना इयरफोन परत बसतो आणि कानठळ्या बसतात. गरबा, गणपती, लग्न, चार-चार तासांचे कार्यक्रम असतात, त्यात हे रोज झालं तर कान जातील. सांगायचा मुद्दा, घाम येणाऱ्यांनी सिलिकॉनवर भरवसा ठेवू नये, गुळगुळीत असतो, घामाने सरकतो. मी फोमच वापरतो आणि खिशात जादा जोडी ठेवतो.

आमच्यातले काही कस्टम, म्हणजे आपल्या कानाच्या साच्यावरून बनवलेले इयरफोन, करून घेतात. ऑडिओलॉजिस्ट आधी कानात दोरा बांधलेला छोटा बोळा आत सरकवतो, म्हणजे लगदा पडद्यापर्यंत जाऊ नये, मग पिचकारीने मऊ सिलिकॉनचा लगदा भरतो आणि तो घट्ट होईपर्यंत गप्प बसायचं. गायकांचा साचा तोंड उघडं ठेवून, दातात ठोकळा धरून घेतात, नाहीतर तान घ्यायला तोंड उघडलं की सील सुटतं.

एक विचारायचं होतं, स्वतःचा आवाज आणि पावलं डोक्यात धाडधाड घुमतात, त्यावर टिपचा काही इलाज?

कानाची_ओपीडी
@डग्गातिरकीट ते नळी बाहेरून बंद झाल्यामुळे होतं. हाडातून आलेला आवाज कूर्चेच्या भागातून नळीत उतरतो, एरवी बाहेर निघून जातो, आता कोंडतो. टिप हाडाच्या भागापर्यंत गेली तर हा घुमारा बराच कमी होतो. पण तिथली कातडी नाजूक, म्हणून अगदी मऊ टिपच आणि कान स्वच्छ असेल तरच. आधी कुठल्यातरी ईएनटीकडून कान बघून घ्या.

बंड्या_सॅन_होजे
खोल जायचं तर एटिमॉटिकचे तीन पाकळ्यांचे टिप्स, त्यांचा ईआर-४ इयरफोन १९९१ मध्ये आला तेव्हापासून त्यांचा सगळा भर त्याच गोष्टीवर आहे. पहिल्यांदा घालताना भीती वाटते पण बाहेरचं जग बंद होतं. हळू घालायचे, जरा ओलसर करून.

आणि स्वीप केला. जुन्या टिप्सवर टोक ७ च्या जरा खाली, लांब देठाच्या स्वस्त टिप्सवर ९ च्या जवळ. झांजेचं टोचणं त्यामुळेच होतं. आता मी वाद घालत नाही.

सोलापुरी_चादर
👍 आता इक्वलायझर परत शून्यावर आणा आणि मग ऐका.

इवलेकान
एसएस टिप्स मागवल्या. धुवायचं कसं? पावसाळ्यात कान खाजतो म्हणून विचारते.

कानाची_ओपीडी
सिलिकॉन टिप इयरफोनवरून काढून कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवून मगच लावा. फोम धुवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. इयरफोनच्या तोंडावरच्या जाळीवर मळ बसला असेल तर इयरफोन तोंड खाली करून मऊ ब्रशने झाडा, म्हणजे मळ आत पडणार नाही, एक बाजू हळू वाजते त्याचं कारण कित्येकदा ही जाळीच असते. अंघोळ केल्या केल्या ओल्या कानात इयरफोन घालू नका, दमट हवेत कानात बुरशी धरते, पावसाळ्यात अशा केसेस वाढतात. खाज राहिली तर दाखवा, तेल घालू नका. आणि टिप आत अडकली तर पिन, चिमटा, काडी काही घालायचं नाही, ती अजून आत जाते. सरळ डॉक्टरकडे या, दोन मिनिटांचं काम असतं.

कसारा_लोकल
डाव्याला एल लावला, आता गाडीत व्हॉल्यूम अर्ध्यावर पुरतो. माझे वायरलेस आहेत, त्यांना फायनल किंवा स्पिनफिटच्या या टिप्स चालतील का? आणि नॉइज कॅन्सलेशन असेल तर सीलची काळजी करायची गरज आहे का?

मंद्रसप्तक
@कसारा_लोकल गरज आहे, उलट जास्तच. नॉइज कॅन्सलेशन मुख्यतः खालच्या घरघरीवर काम करतं आणि फट असेल तर घरघर तिथूनच आत येते. म्हणून तर बऱ्याच कंपन्या ॲपमध्ये फिटची चाचणी देतात, ती असेल तर आधी करून घ्या. टिप्सच्या बाबतीत वायरलेससाठी वेगळ्या येतात, बुटक्या. दोन्ही कंपन्यांच्या तशा आहेत. साध्या लांब टिप्स आवाजाला चालतील पण चार्जिंग केसचं झाकण लागणार नाही, किंवा लागेल आणि इयरफोन पिनांवरून उचलला जाईल, मग सकाळी एक बाजू डेड. नवीन टिप लावली की केसमध्ये ठेवून दोन्ही बाजूंचं चार्जिंग फोनवर दिसतंय का ते बघा. एअरपॉड्स प्रोचे असतील तर साध्या टिप्स बसतच नाहीत, त्यांचं क्लिप वेगळं आणि लंबगोल आहे. मॉडेल सांगा, मग नक्की कुठल्या ते सांगतो.